दर्यापूरचे दादा

४ जानेवारी, शनिवार

परवा फोन हौदात पडला. धुणं धुताना कमरेला खोचलेला, वाकले आणि गेला. तांदळात पुरून पाहिला, उन्हात ठेवून पाहिला, शेजारच्या शोभानं तर देवापुढेसुद्धा ठेवला. मेला तो मेलाच. आज मलकापूरला जाऊन जुना, वापरलेला घेऊन आले. दुकानदार म्हणे, "मावशी, नवा कायले पाह्यजे तुमाले? हा घ्या. बियाणंवाल्याचा व्हता, लय जपून वापरला त्यानं." मावशी म्हणाला. सोनाळ्यात मला कोणी मावशी म्हणत नाही. शाळेत शिकवलं ते आणि नाही शिकवलं तेही, सगळे बाईच म्हणतात.

घरी येऊन पाहते तर फोनमध्ये जिथं तिथं त्या बियाणंवाल्याचंच नाव. बळीराजा कृषी केंद्र. शोभानं चार ठिकाणी दाबून पाहिलं, मग कंटाळली. "राहू द्या बाई, तुमच्या फोनात कोन पाह्यते?" ते मात्र खरं.

संध्याकाळी रोजच्यासारखं स्नेहलचं नाव टाकून शोधलं. लेक बंगळूरला, फोटो पाठवत नाही, निरोप पाठवत नाही, मग आईनं असं शोधायचं. बहुतेक दिवस नवं काही नसतं. आज होतं. तिच्या संस्थेनं दर शनिवारी पाच वाजता लोकांसाठी मराठीतून तास ठेवला आहे. विषय: पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे, उपग्रहांनी काय मोजलं. शिकवणार आमची स्नेहल. दिवाळीपासून चालू आहे म्हणे. मला एका शब्दानं नाही सांगितलं. आजचा तर होऊनही गेला.

५ जाने., रविवार

स्ने.चा फोन. जेवलीस का. बीपीची गोळी घेतलीस का. थंडी आहे का. मी म्हटलं, तुझं काय चाललंय? "चाललंय." बरं, ठेवते.

झालं. आठवड्याचा कोटा संपला. उभा जन्म मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि माझी पोरगी मला थंडी आहे का विचारते. म्हणणार होते, दिसला गं मला तुझा तास. नाही म्हटलं. तिला वाटेल तेव्हा तीच सांगेल. हट्टी स्वभाव कोणाचा घेतलाय तो माहीत आहे, वेगळं सांगायला नको.

११ जाने., शनिवार

पाचच्या आधीच बसले. दार लावून घेतलं, उगीच. बटण दाबलं आणि एकदम ती समोर. केस कापलेत! खांद्याच्या वर. कधी कापले? गालफडं बसलीत. मागं पांढरी भिंत, भिंतीला काही नाही.

सात-आठ माणसं असतील. माझा क्यामेरा कसा लावतात ते मला येत नाही, वाचले. पण खाली नाव उमटलं ते त्या बियाणंवाल्याचं, आणि स्ने. हसून म्हणाली, "या या, कृषी केंद्रवाले दादा. स्वागत आहे." बंद करावं तर बोट उचलेना. मग तिनं शिकवायला सुरुवात केली आणि मी वही ओढली.

तर असं. पृथ्वीच्या चुंबकत्वात बारीक कण अडकलेत, त्यांचे दोन पट्टे. आतल्यात जास्त करून प्रोटॉन, तो शांत, वर्षानुवर्षं तसाच. बाहेरचा इलेक्ट्रॉनांचा, तो लहरी. सूर्यावर खळबळ झाली की कधी फुगतो, कधी रिकामा होतो. दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा. कण तिथं गप्प राहत नाहीत, गिरक्या घेत उत्तरेकडं जातात, माघारी फिरून दक्षिणेकडं, आणि हे करता करता पृथ्वीभोवतीही फिरतात. इलेक्ट्रॉन पूर्वेकडं, प्रोटॉन पश्चिमेकडं. इतर उपग्रह तिथून जीव घेऊन पळतात, आतली यंत्रं बिघडतात म्हणून. ती शिकवते ते दोन जुळे उपग्रह मात्र मुद्दाम तिथंच राहायला पाठवले होते, जाड कवच घालून.

पट्टा बांगडीसारखा असतो म्हणाली. बांगडी कशी असेल? बांगडी पातळ. इतका जाडजूड पट्टा आणि बांगडी! जीभ चावून बसले. तास संपल्यावर घर फार मोठं वाटलं.

१२ जाने., रविवार

फोन. "काल काय केलंस?" मी मुद्दाम विचारलं. "काही नाही गं. ऑफिसचंच."

काही नाही म्हणे.

१४ जाने., मंगळवार

संक्रांत. हळदीकुंकवाची बोलावणी आळीभर फिरली, आमचं दार सोडून. ज्या पोरींना मी शाळेत लिटमस कागद धरायला शिकवला त्याच आता घराघरच्या सुना. यांना जाऊन दोन वर्षं होतील. शोभा मागच्या दारानं वाण घेऊन आली. "घ्या बाई, मी नाई मानत असलं काई." मग मागच्या दारानं काऊन आलीस वं, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. तिळगूळ चांगला झाला होता, पाक बरोबर साधला होता.

१८ जाने., शनिवार

आज लिहून प्रश्न विचारला! तिथं खाली लिहायची सोय आहे. शुद्ध लिहिलं तर पोरगी तिथल्या तिथं ओळखेल, म्हणून दुकानदारासारखं लिहिलं: म्याडम, आमच्या इकडं खारपानपट्टा हाय. पाणी मचूळ. तो जागचा हालत नाही. तुमचा हालते का. म्याडम लिहिताना हात धजत नव्हता.

वाचलं आणि स्ने.चा चेहराच बदलला. "अरे दादा, तुम्ही तर आमच्याकडचे! हालते ना, हालते!" हालते म्हणाली. बंगळूरला गेल्यापासून तिच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. मग सगळ्यांना समजावून सांगितलं की आमच्या वऱ्हाडात पूर्णेच्या काठानं असा पट्टा आहे, वरून बघितलं तर शेत शेतासारखंच, विहिरीचं पाणी तोंडात घेतल्यावर कळतं. आणि हेही तसंच, आकाश काळंच दिसतं, मोजल्याशिवाय पट्टा कळत नाही. किती छान सांगितलं. माझा ऊर भरून आला, आणि कोणाला दाखवू?

मग विचारते, "कुठले तुम्ही दादा? अकोल्याकडचे?" आता आली का पंचाईत! सुचेल ते लिहिलं. दर्यापूर. माझी मावसबहीण होती तिथं, तेवढंच माझं दर्यापूर. तर झाले मी दर्यापूरचे दादा.

धीर आला तसं आणखी एक लिहिलं. पट्टा बांगडीसारखा नाही, चुंबळीसारखा म्हनला तर. डोक्यावर घागरीखाली ठेवतात ती. टाळीच वाजवली तिनं. "चुंबळ! दादा, याच्याइतकं बरोबर कोणी सांगितलं नाही मला." यापुढं चुंबळच म्हणणार म्हणाली.

एक गृहस्थ येतात ते दर वेळी विचारतात, याचा राशींवर परिणाम होतो काय. ती दर वेळी शांतपणे नाही म्हणते. मी असते तर बाकावर उभं केलं असतं.

१९ जाने., रविवार

गोळी. थंडी. मी म्हटलं, आवाज बसलाय का तुझा? "नाही गं आई, तू ना." ठेवला.

काल तासभर बोलत होती तेव्हा नव्हता बसलेला.

२५ जाने., शनिवार

चारच जण. तिनं विचारलं, दोन उपग्रह कशाला, एक का नाही पुरला? कोणी उत्तर देईना. मला येत नव्हतं. खरंच येत नव्हतं, आणि त्याचं बरं वाटलं.

तिनं सांगितलं ते असं. एकच उपग्रह पट्ट्यातून चालला आहे. आकडा वाढला. आता तो उपग्रह पुढच्या जागी गेला म्हणून वाढला, की आहे त्या जागीच पट्टा फुगला म्हणून वाढला? एकट्याला कळायला मार्ग नाही. म्हणून दुसरा, त्याच वाटेनं, मागून. दुसऱ्यालाही त्या जागी तेच दिसलं तर ते जागेचं. निराळं दिसलं तर मधल्या काळात तिथं काहीतरी घडलं. अशानंच एकदा त्यांना तिसरा पट्टा दिसला, दोघांच्या मध्ये उगवलेला. काही आठवडे राहिला आणि गेला.

भाकरी थापताना तेच डोक्यात. घर तेच आहे, वाडीतली संत्र्याची झाडं तीच, मीही तीच. मग यांच्या माघारी इथं गमत नाही ते घर बदललं म्हणून का मी बदलले म्हणून? दुसरं कोणी असतं तर विचारलं असतं, तुलाही असंच वाटतं का गं? आहे ना दुसरी. ती थंडीचं विचारते.

२६ जाने., रविवार

शाळेत झेंडावंदनाला गेले. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, सरबत दिलं. पोरं ओळखत नाहीत आता. स्ने.चा फोन आला तेव्हा वाटेत होते, नीट ऐकू आलं नाही. म्हटलं, मग कर. "बरं, पुढच्या रविवारी करते."

तसं म्हटलं नव्हतं मी.

१ फेब्रुवारी, शनिवार

राशीवाले गृहस्थ आणि मी. गृहस्थ अर्ध्यातून उठून गेले. खाली आकडा आला: एक.

मला वाटलं बंद करेल. म्हणाली, "दादा, तुम्ही एकटेच उरलात. थांबू का?" लिहिलं, चालू ठेवा. मग तिनं पुढ्यातले कागद बाजूला सारले आणि नुसती बोलत बसली. त्या जुळ्यांचं शेवटी काय झालं ते सांगितलं. इंधन संपलं. संपायच्या आधी त्यांना अशा वाटेला लावून दिलं की काही वर्षांनी आपोआप खाली येऊन हवेत जळून जातील. मग बंद केले. अजून वर फिरताहेत, पण बोलत नाहीत. त्यांनी पाठवलेले आकडे इतके आहेत की तिच्यासारखे लोक अजून तेच वाचताहेत.

आणि मग म्हणाली, "तुम्हाला सांगायला हरकत नाही दादा. मला नॉर्वेला बोलावलंय. नवे उपग्रह बांधताहेत, आता मोजणीच्या यंत्रावरच काम. दोन वर्षं. हो म्हणायचंय अजून, दोन आठवड्यांत कळवायचंय. गेले तर हा तास बंद होईल, म्हणून सांगितलं."

मी लिहिलं, अभिनंदन. आणखी काय लिहिणार? दर्यापूरच्या माणसाला आणखी काय लिहिता येतं?

२ फेब्रु., रविवार

आज सांगेल म्हणून सकाळपासून फोन ओट्यावर, नजरेसमोर. फोडणीतसुद्धा लक्ष तिकडं.

आला. गोळी घेतली. थंडी कमी झाली. मी तिला वाट करून देत होते. म्हटलं, यंदा मृगाच्या बहराची संत्री चांगली धरलीत, संपायच्या आत येऊन जा. "बघते." म्हटलं, पुढं काय ठरवलंयस? "कशाचं?" म्हटलं, असंच, कामाचं. "आई..." म्हटलं, काय? "काही नाही. ठेवते."

जिभेवर आलं होतं तिच्या. मी काय वाघ आहे?

४ फेब्रु., मंगळवार

चिडले आहे. दोन दिवस झाले, उतरत नाही. दर्यापूरच्या कोण कुठल्या बियाणंवाल्याला सांगितलं आणि जन्मदात्या आईला नाही. शाळेतला नकाशा काढून नॉर्वे पाहिलं. पार वर, कागद संपतो तिथं.

शोभाला सांगून टाकलं सगळं. आधी तर हसून हसून खाली बसली. "अवं माय! सोताच्या पोरीच्या वर्गातली पोट्टी झाले, अन् वरून दादा!" मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मंग सांगून टाका ना तिले, मी हावो म्हनून."

म्हटलं, सांगितलं की बंद होईल. आत्ता निदान बोलून राह्यली माझ्याशी.

"तुमच्याशी कुठी बोलून राह्यली बाई? ते दर्यापूरवाल्याशी बोलून राह्यली."

शोभा सातवी नापास, माझ्याच वर्गात. जाताना ओट्यावर कढीची वाटी ठेवून गेली.

६ फेब्रु., गुरुवार

गमत नाही. वाडीत जाऊन आले. परतल्यावर पुन्हा गमत नाही.

८ फेब्रु., शनिवार

ठरवून बसले होते की आज फक्त ऐकायचं. आकडा एक. राशीवालेही आले नाहीत.

स्ने. आली तीच म्हणाली, "दादा, आज शिकवायचं मन नाही. चालेल?" लिहिलं, चालेल. डोळे सुजलेले. मी पडद्याला नाक लावून पाहत होते.

म्हणाली, नॉर्वेचं उत्तर द्यायचंय आणि घरी आई एकटी आहे. सोनाळ्याला, बुलढाणा जिल्ह्यात, तुम्हाला माहीत असेल. (आहे!) "माझी आई विज्ञानाची शिक्षिका होती. माझ्याच शाळेत. हे सगळं तिला तुमच्यापेक्षा लवकर कळलं असतं. पण मी तिला काही सांगायला लागले की ती आधी चूक काढते. मग मी गप्प होते. मग ती गप्प होते."

चूक काढते! आणि चुंबळीला टाळी कोणी वाजवली गं? पण ते कुठं लिहिता येतंय. ऐकत राहिले.

"बाबा गेल्यापासून तर फोनवर आम्ही दोघी जपून जपून बोलतो. बाबांचा विषय निघू नये म्हणून दुसरा कुठलाच विषय काढत नाही. गोळी घेतलीस का, एवढंच विचारता येतं. ते तरी विचारते."

माझ्या डोळ्यांना धार लागली. क्यामेरा बंद आहे ना, ते तीनदा बघितलं.

मग तिनं सरळच विचारलं. "दादा, तुमच्याकडं पोरं लांब जायला निघाली की आईबापाला कसं सांगतात?"

मी लिहिलं, जाऊ नका. लिहिलं आणि पाहत बसले. बोट त्या पाठवायच्या खुणेवर. ती तिकडं वाट पाहतेय, केस कानामागं सारतेय, लहानपणी फळ्यापुढं उभी राहून सारायची तसे. पुसलं. मग एका बोटानं हळूहळू लिहिलं: आईले सांगू नका. विचारा. जाऊ का म्हनून.

वाचून मान हलवली. "विचारलं तर ती जा म्हणेल हो दादा. लगेच म्हणेल, खणखणीत. ती तशीच आहे. पण फोन ठेवल्यावर ती काय करेल? रडेल, का भांडी घासत बसेल, का दोन दिवस जेवणार नाही? ते मला कधीच कळणार नाही. त्याचीच भीती वाटते. म्हणून विचारत नाही."

काय लिहू? तिनं विचारलं, "आहात ना दादा?" लिहिलं, हाव. "तुम्हाला मुलगी आहे?" लिहिलं, एक. "जवळ असते?" लिहिलं, लांब. "बोलते का तुमच्याशी?"

लिहिलं, रविवारी.

पडदा अडकला की काय वाटलं, पण पंख्याच्या वाऱ्यानं तिचे केस हलताना दिसत होते. मग मी लिहिलं ते असं: माझ्या पोरीले मी जा म्हनलो असतो. खरंच जा. काम चांगलं आहे. शेवटी दुकानदारासारखं लिहायचं भान राहिलं नाही, शुद्ध कसं लिहिलं गेलं कोण जाणे. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं असावं. "बरं," म्हणाली. दादा नाही म्हणाली, नुसतं बरं. "उद्या विचारते."

कळलं का तिला? कळलं असतं तर बोलली असती. का नसती बोलली? मला माझ्या पोरीचं काही सांगता येत नाही.

९ फेब्रु., रविवार

फोन नेहमीपेक्षा लवकर आला. गोळीचं विचारलं नाही. "आई, तुला एक विचारायचंय. वेळ आहे का?" म्हटलं, आहे.

सगळं सांगितलं. नॉर्वे, दोन वर्षं, यंत्र. यंत्राची कवचं कशी असतील तेसुद्धा. मी मध्ये एकदाही बोलले नाही, एकही चूक काढली नाही. एक होती काढण्यासारखी. शेवटी म्हणाली, "आई, जाऊ का मी?"

काल हेच लिहिलं होतं की मी. न अडखळता, एका बोटानं. आज तोच शब्द तोंडानं म्हणायचा होता. जा म्हणायला तोंड उघडलं तर रडू बाहेर येईल असं वाटलं. म्हटलं, "थांब, दूध उतू जाऊन राह्यलं," आणि ठेवून दिला. शेगडीवर काहीच नव्हतं. पोरीनं इतक्या दिवसांनी धीर करून विचारलं आणि आईनं दुधाचं निमित्त सांगितलं. लाज वाटते.

तेव्हापासून फोन समोर घेऊन बसले आहे. तिनं परत केला नाही. तिकडं तिला काय वाटत असेल? हेच, की फोन ठेवून आई काय करतेय. तिला ज्याची भीती होती नेमकं तेच मी केलं.

शोभा डोकावली. "काय झालं बाई?" सगळं सांगितलं. म्हणाली, "येवढंच ना, मंग लिहून पाठवा. लिहिता तर येते तुमाले." लिहून पाठवता येईल. एकच अक्षर आहे. पण लिहिलेलं तिला काल मिळालंच आहे, आणि ते दर्यापूरच्या माणसानं दिलेलं. आज माझ्या तोंडून ऐकायचंय तिला. आणि म्हणताना रडू आलं तर येऊ द्यायचं. फोन ठेवायचा नाही. तिला ऐकू द्यायचं, की आई अशी रडते, आणि रडून झाल्यावर चहा करते, आणि मग गोळी घेते. मग तिनं तिकडं भिंतीकडं बघत अंदाज करत बसायला नको.

शोभाला घरी पाठवलं. तोंड धुऊन आले. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत तोडला.

आता पुन्हा लावते.